तुमी व्हा फुडं

खोबरेल थिजलं होतं. डिसेंबरात खालापुरात खोबरेल थिजणार नाही तर काय करणार, पण मिल्काबाईंना त्या सकाळी त्याचाही राग आला. बाटली त्यांनी अंगणात उन्हाला ठेवली आणि वळून बघतात तो एझ्रानाना उंबऱ्यावर बसलेले. ओसरीवरची त्यांची लाकडी खुर्ची गायब.

"खुर्ची कुठं गेली?"

"प्रबुद्धनं नेली. मशिदीवर लायटिंगची तार बांधतोय तो."

"मांडववाला हाय तो. पोशीरवरनं टेंपो भरून खुर्च्या घेऊन आलाय. भाड्यानं देतो तो खुर्च्या."

"त्या प्लास्टिकच्या गं. त्यांच्यावर उभं राहिलं की वाकतात."

मिल्काबाईंनी कपाळाला हात लावला. गुडघे धरलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस गार दगडी उंबऱ्यावर, आणि त्याच्या खुर्चीवर मांडववाला चपला घालून उभा. यावर बोलायचं तरी काय? बोलून बोलून त्यांचा घसा सुकला होता, आणि ती काही आजची गोष्ट नव्हती.

लग्न झाल्यापासून हेच. "तुमी व्हा फुडं." एवढे तीन शब्द या माणसानं जितक्या वेळा उच्चारले असतील तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल, आणि देवाचं नाव तर ते रोज घ्यायचे. रेशनच्या रांगेत, तुमी व्हा फुडं. दवाखान्यात नंबर लागला की मागच्या बाईचं मूल खोकतंय, तुमी व्हा फुडं. कागदाच्या कारखान्यात फोरमनची जागा निघाली तेव्हा मागनं आलेल्या माणसाला मुली जास्त होत्या, म्हणून त्यालाही तेच. लग्नाच्या पंगतीत उठून जागा द्यायची आणि शेवटच्या पंगतीला रश्श्यातले नुसते बटाटे खायचे, तेही चवीनं, वर वाढप्याचं कौतुक करून.

बरं, हे मागं सरायचे म्हणजे कुणाच्या मागं? मिल्काबाईंच्या नव्हे. त्या तर आधीच यांच्या मागं उभ्या. नाना मागं सरले की त्यांची टाच थेट बाईंच्या पायावर.

"तुमाला वाटतं तुमी एकटं मागं जाता," त्या एकदा तडकून म्हणाल्या होत्या. "मागं मी असते. माझा अंगठा बघा काय झालाय."

नानांनी खरोखर वाकून अंगठा बघितला आणि हळद लावू का विचारलं. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

मशीद म्हणजे त्यांचं प्रार्थनालय. बाजारामागच्या इस्राएल आळीत सगळे तिला मशीदच म्हणत आलेले. कुणी बाहेरगावचा "सिनेगॉग" म्हणाला, तर आळीतल्या म्हाताऱ्यांना ते एखाद्या आजाराचं नाव वाटायचं. एके काळी इथं घरोघर तेलाचे घाणे होते. शनिवारी ते बंद असायचे, म्हणून गाव यांना शनिवार तेली म्हणायचं. घाणे गेले, त्यांच्यामागनं माणसं गेली, कुणी पनवेलला, कुणी ठाण्याला, बरीचशी थेट इस्राएलला. उरलं होतं आपटेकरांचं हे एक घर. मशिदीची किल्ली, झाडलोट, शुक्रवारची दिवाबत्ती सगळं या नवरा-बायकोच्या अंगावर. प्रार्थना म्हणवायला पगारी माणूस ठेवायची ऐपत कधीच सरली होती, तेव्हा तेही काम नानांकडेच.

आणि आता हे घरही बंद होणार होतं. मुलगा योएल इस्राएलमध्ये अश्दोदला राहायचा आणि रोज फोनवर एकच पाढा वाचायचा, की तुम्ही दोघं तिथं एकटे, काही झालं तर कोण बघेल. शेवटी मिल्काबाईंनी होकार दिला. तिकडं रॉकेटचा सायरन वाजला की जिन्याखालच्या खोलीत पळावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना सायरनची भीती नव्हती. त्या खोलीच्या दारात हा माणूस उभा राहून अख्ख्या इमारतीला "तुमी व्हा फुडं" म्हणत बसेल, ही भीती होती.

विमान रविवारी पहाटेचं होतं, शनिवारी अंधार पडला की लगेच निघायचं. आणि हनुक्याचा पहिला दिवा यंदा नेमका शुक्रवारी, म्हणजे आजच संध्याकाळी होता.

हनुक्याचे दिवे आठ रात्रींचे. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवत न्यायचे. मशिदीत त्यासाठी भिंतीवर सागवानी पाटी होती, तिच्यावर एका रांगेत पितळेच्या कड्या, कडीत काचेचा पेला, पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि वात. रांगेच्या वरती एकटीच आणखी एक कडी. ती शम्माशची. शम्माश म्हणजे सेवक. आधी तो पेटवायचा आणि त्याच्या ज्योतीनं बाकीचे लावायचे. पण दिवे मोजताना त्याला कुणी धरत नाही. मिल्काबाई फार चिडल्या की नवऱ्याला शम्माश म्हणायच्या, आणि नानांना ती शिवी आहे असं कधी वाटलंच नाही.

तो पहिला दिवा आधी नानांचे वडील लावायचे, त्यांच्यानंतर नाना. आज संध्याकाळचा एकच दिवा काय तो हाताशी होता, मग या भिंतीला पुन्हा कधी हात लागणार होता कोण जाणे. तो नानांनी लावावा, स्वतःच्या आवाजात बारूख, म्हणजे दिवा लावतानाची हिब्रू प्रार्थना, म्हणत लावावा, एवढं एकच मिल्काबाईंना हवं होतं. सामान, तिकिटं, योएलचे फोन, बाकी सगळं त्यांना चुलीत गेलं तरी चालणार होतं.

नानांनाही ते हवं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडानं बोलला असता तर तो एझ्रा आपटेकर कसला. पण तिकिटं निघाल्यापासून नाना पहाटे मागीलदारी जाऊन दबक्या आवाजात हनुक्याचा बारूख म्हणायचे. मिल्काबाई अंथरुणात पडून ऐकायच्या. पूर्वी हा माणूस तो सगळा एका दमात, चालीवर म्हणायचा. आता एक शब्द म्हणायचा आणि थांबायचा. "बारूख..." मग शांतता. मग "अत्ता..." पुन्हा शांतता. दम पुरत नव्हता बिचाऱ्याला. तरी रोज उठून घोकतोय म्हणजे किती आस असेल, या विचारानं त्या कूस बदलायच्या आणि सकाळी चहा देताना त्याच्यावरच खेकसायच्या.

एवढं सगळं असताना निसीम आला होता. निसीम सोगावकर, पनवेलला राहणारा, मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. तो गेल्या आठवड्यात गाडीतून उतरला तो काखेत बॅनर घेऊनच. ओसरीवर त्यानं तो उलगडला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, "हनुका महोत्सव", खाली "दीपप्रज्वलन", आणि त्याखाली एका साहेबांचा हात जोडलेला फोटो, "यांच्या शुभहस्ते".

मिल्काबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"दीपप्रज्वलन म्हणजे कुठलं दीपप्रज्वलन?"

"आपलंच, मावशी. हनुक्याचं."

"हनुक्याचा दिवा म्हणजे शाळेच्या गॅदरिंगची समई वाटली काय रं तुला? पाहुणा आला, काडी ओढली, टाळ्या वाजवल्या?"

आता निसीमचीही बाजू होती, नाही असं नाही. कबरस्तानाचं कुंपण पडलं होतं, गुरं आत शिरून कबरींवर चरत होती. त्यात त्याचे आजी-आजोबाही होते. साहेबांनी मनावर घेतलं तर काम होणार होतं. आणि साहेबाला बोलवायचं म्हणजे त्याला काहीतरी करायला द्यायला हवं. महाराष्ट्रात पाहुण्याला बोलावून दिवा लावू न देणं म्हणजे जेवायला बोलावून ताट न वाढणं. "तुम्ही जाणार," निसीम म्हणाला, "मग इथं मलाच धावायचंय, मावशी. माझ्या हाताशी कोण आहे?"

यावर मिल्काबाईंकडे उत्तर होतं. साहेबाला नारळ द्या, शाल द्या, भाषण करू द्या, पण दिवा आमचा आम्हाला लावू द्या. त्या तोंड उघडणार इतक्यात, निसीमला खुर्ची देऊन उंबऱ्यावर बसलेले नाना बोलले.

"राहू दे गं. साहेब मोठा माणूस. त्यांना होऊ दे फुडं."

निसीमनं नानांचे पाय धरले आणि बॅनर गुंडाळून गेला. त्या दिवशी मिल्काबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तरी दुसऱ्या पहाटे मागीलदारी पुन्हा सुरू. "बारूख..." शांतता. "अत्ता..." मिल्काबाईंना वाटलं उठावं आणि विचारावं, की आता कशाला घोकता? साहेब लावणार हायत ना? पण त्या उठल्या नाहीत. ज्याचा दिवा त्यानंच उचलून दुसऱ्याला दिला, त्याला काय विचारायचं.

तर त्या शुक्रवारी दुपारी मिल्काबाई मशिदीमागच्या पडवीत घारगे तळायला बसल्या. हनुक्याला तेलात तळलेलं खायचं असतं, एका दिवसाचं तेल देवळात आठ दिवस जळलं त्या चमत्काराची आठवण म्हणून. शेजारची सुंदरा मदतीला आली होती. सुंदराचं घर शेतकऱ्याचं, आळीला लागूनच, आणि दोघींची मैत्री सुना म्हणून आल्यापासूनची. लाल भोपळ्याचं पीठ थापता थापता सुंदरा म्हणाली, "साहेब येणार हाय म्हनं. आमच्या घरातलेबी येनार बघायला."

"बघा. साहेब बघा, लायटिंग बघा. आमचा हनुका कुठं दिसला तर मलाबी दाखवा."

"नाना काय म्हनतात?"

"नाना काय म्हणणार? शम्माश हायत ते. दुसऱ्याचा दिवा लावायला जन्मलेत."

सुंदरानं घारगा कढईत सोडला. "आता रविवारी तुमी चाल्ल्या. भांडायचं ते भांडून घ्या इथंच. तिकडं मराठीत भांडान ऐकाया कोन मिळनार हाय तुमाला?"

मिल्काबाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, तेव्हा त्यांनी धुराला दोष दिला. गॅसच्या शेगडीला धूर कुठला, पण सुंदरानं नुसता कढईतला घारगा उलटला.

ऊन कलायला लागलं तशी माणसं जमली. पनवेल, पेण, ठाण्याहून आलेली आपली माणसं, बायका जरीच्या साड्यांत, पुरुष डोक्यावर छोट्या टोप्या घालून. आळीबाहेरचेही आले होते साहेबासाठी. प्रबुद्धनं माइक लावून "चेक, चेक" केलं आणि मशिदीवरची निळी लायटिंग चालू केली. ती गणपतीतल्यासारखी पळायला लागली. निसीमनं धावत जाऊन ती एका जागी थांबवून घेतली. मिल्काबाईंनी वितळलेलं खोबरेल पेल्यांत ओतलं, एक रांगेतल्या उजव्या टोकाच्या पेल्यात, एक वर शम्माशच्या. वाती त्यांनीच वळल्या होत्या, दरवर्षी त्याच वळायच्या. बाजूला छोट्या टेबलावर शब्बाथच्या दोन समया मांडल्या. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या लावायच्या, ते बायकांचं काम. त्या लावल्या की शब्बाथ आत आला, मग शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तवाला हात नाही. म्हणूनच हनुक्याचा दिवा शुक्रवारी आधी लावावा लागतो. एवढी साधी गोष्ट, लहान पोराला समजेल अशी.

साहेब आले नाहीत.

निसीमचा फोन कानाला चिकटलेला. टोलनाक्याच्या अलीकडं एक ट्रेलर आडवा झाला होता, आणि साहेबांची गाडी त्याच्यामागं अडकली होती. टोलनाका इथून हाकेच्या अंतरावर. नीट कान दिला असता तर हॉर्नसुद्धा ऐकू आले असते. "पाच मिनिटं," निसीम माइकवर म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला. मग पेणच्या एका पोरीला गाणं म्हणायला लावलं. मग पुन्हा पाच मिनिटं.

मिल्काबाई दारात जाऊन पश्चिमेकडं बघून आल्या. सूर्य माणिकगडाच्या डोक्यावर टेकला होता.

"निसीम, सूर्य साहेबाची वाट बघणार नाय."

"येतातच ते, मावशी."

"ट्रेलर काय उचलून बाजूला ठेवलान?"

लोक हसले. नाना पहिल्या रांगेत बसले होते, कारण मिल्काबाईंनी त्यांना दंडाला धरून तिथं बसवलं होतं. त्यांनी मान खाली घातली होती आणि ओठ हलत होते. बहुधा ट्रेलरच्या ड्रायव्हरसाठी प्रार्थना करत असतील, मिल्काबाईंच्या मनात आलं. त्यांना संताप आला तो याचाच, की समोर सागवानी पाटी, भरलेले पेले, वळलेल्या वाती, सगळं तयार असून एक माणूस उठून "मी लावतो" म्हणत नाही.

त्या नानांजवळ गेल्या, वाकल्या. "उठा. लावा आणि मोकळे व्हा. कोण तुमचा हात धरणार हाय?"

नाना निसीमकडं बघून म्हणाले, "त्याचा शब्द गेलाय गं साहेबाला. जरा बघू."

जरा बघू. मिल्काबाई सरळ झाल्या. आता त्यांच्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आणि नेमका त्याच वेळी निसीम टेबलापाशी आला. घामाघूम झालेला, लोक चुळबुळ करताहेत, दोघं-तिघं उठून बाहेरही गेलेले. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि त्याला एकदम सुचलं.

"मावशी, असं करू. तुम्ही तोवर शब्बाथच्या समया लावून घ्या. लोकांना वाटेल कार्यक्रम सुरू झाला. मग साहेब आले की हनुक्याचा दिवा."

पाच जणांनी ते ऐकलं. पाचही जण मशिदीत लहानाचे मोठे झालेले, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पेणचा एक जण तर म्हणाला, बरोबर आहे. मिल्काबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. समया आधी आणि हनुका मागनं. म्हणजे शब्बाथ आत घ्यायचा आणि मग काडी ओढायची. यांच्या घाणेवाल्या आज्यांनी शनिवारी बैलाला हात लावला नव्हता, आणि ही त्यांची नातवंडं.

"लावते," त्या म्हणाल्या. "बरं हाय, लावते. नको तुमचा हनुका. ज्याचा दिवा त्यालाच नको, तर मी कुणासाठी भांडतेय?"

त्यांनी डोक्यावर पदर घेतला, काडेपेटी उचलली, काडी ओढली. ज्योत समईच्या वातीकडं नेली.

"थांब."

आवाज फार मोठा नव्हता, पण तो इतका अनोळखी होता की सगळे वळून बघायला लागले. मिल्काबाईंनाही क्षणभर कळेना, कोण बोललं. या माणसाच्या तोंडून तो शब्द त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता.

नाना खुर्चीवरून उठले, टेबलापाशी आले आणि बायकोच्या हातातली काडी त्यांनी फुंकली.

"समया लावल्यास तर तुझा शब्बाथ सुरू होईल," ते म्हणाले. "मग तुला हनुक्याचा दिवा लावता यायचा नाय."

"मला कुठं लावायचाय?"

"नाना," निसीम मध्ये पडला, "साहेब टोलवरून सुटलेत. दोन मिनिटं. आपलं ठरलंय ना?"

आता हा मागं सरणार, मिल्काबाईंनी मनात म्हटलं, आणि सवयीनं आपला पाय मागं घेतला.

"निसीम," नाना म्हणाले, "साहेब आले की त्यांना माझी खुर्ची दे. घारगे दे. कुंपणाचं मी स्वतः हात जोडून सांगतो. पण सूर्य गेल्यावर हा दिवा लावायचा अधिकार मलाबी नाय आणि तुलाबी नाय. आत्ता लागला तर लागला."

निसीमनं दारातून बाहेर बघितलं. माणिकगडाच्या माथ्यावर नुसती तांबडी कड उरली होती. त्यानं फोन खिशात टाकला. "लावा मग, नाना. तुम्हीच लावा."

नानांनी काडी ओढून वरचा शम्माश पेटवला. खोबरेल पुन्हा कडेला थिजायला लागलं होतं, वात जरा कुरकुरली, मग धरली. त्यांनी तिच्यावर एक मेणबत्ती पेटवून घेतली. अख्खी मशीद उभी राहिली. मिल्काबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. झालं, लावणार आता. त्या दोन पावलं मागं गेल्या, आपल्या जागेवर, त्यांच्या पाठीमागं.

नाना वळले. मेणबत्ती त्यांनी मिल्काबाईंच्या हातात दिली.

"तू हो फुडं," ते म्हणाले.

मिल्काबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"तू लाव. इतकी वर्षं तेल तुझं, वाती तुझ्या, पेले तू घासलेस. मी नुसती काडी लावली. आज तू लाव."

"बायकांनी?" पेणवाला पुटपुटला.

"चमत्कार झाला तेव्हा बायकाबी तिथंच होत्या," नाना त्याच्याकडं न बघताच म्हणाले. "तसं लिहिलेलं हाय."

"मला बारूख कुठं येतो," मिल्काबाई म्हणाल्या. शुक्रवारच्या समयांचा तेवढा त्यांना सासूच्या तोंडून ऐकून पाठ होता. हिब्रू त्यांना वाचता येत नव्हतं. "हनुक्याचा मला येत नाय हो."

"माझ्यामागनं म्हण."

नाना त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. अगदी मागं, खांद्याशी. आणि म्हणाले, "बारूख." मग थांबले.

मिल्काबाईंच्या लक्षात आलं. अंथरुणात पडून रोज पहाटे ऐकलेली ती शांतता. दम पुरत नव्हता म्हणून नव्हे. तो थांबा त्यांच्यासाठी होता. हा माणूस मागीलदारी थंडीत उभा राहून एकेक शब्द सुटा करून बघत होता, बायकोला मागनं म्हणता येईल असा, तिची जागा मोकळी सोडून. आणि साहेबाचा बॅनर आला तेव्हा नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि घोकणं सोडवलंही नाही. आज या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला थांबवलं होतं. स्वतःसाठी त्यानं कधीच थांबवलं नसतं.

"बारूख," मिल्काबाई म्हणाल्या.

"अत्ता."

"अत्ता."

शब्दामागं शब्द घेत ते शेवटच्या बारूखपर्यंत आले. तो फक्त पहिल्या रात्री म्हणायचा असतो, आम्हाला जगवलंस, सांभाळलंस आणि या दिवसापर्यंत आणलंस म्हणून. तिथं नानांचाच आवाज अडकला, आणि पुढचा शब्द मिल्काबाईंनी आपणहून म्हटला. कुठून आला कोण जाणे. इतकी वर्षं मागं उभं राहून कानावर पडत होता, कुठंतरी बसला असेल. मग त्यांनी हात वर करून उजव्या टोकाच्या पेल्यातली वात पेटवली. वात त्यांनीच वळलेली होती, ती लगेच धरली.

लागोपाठ त्यांनी शब्बाथच्या समया लावल्या, डोळ्यांवर हात घेतले, आणि हात बाजूला केले तेव्हा बाहेर तांबडी कड उरली नव्हती.

साहेब त्यानंतर आले. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढायला लागला तर निसीमनं सांगितलं, चपला चालतात, डोकं झाका. त्यांनी रुमाल बांधला, भिंतीवरच्या दिव्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लागला का? बरं झालं, माझ्यासाठी थांबला नाहीत." निसीम बॅनरच्या पुढं येऊन उभा राहिला, फोटो झाकला जाईल असा. त्याच्या चेहऱ्याकडं बघून मिल्काबाईंना त्याची जरा दया आली. तिकडं नाना सवयीप्रमाणं खुर्चीवरून अर्धे उठलेच होते.

"या साहेब, तुमी व्हा..."

मिल्काबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि खाली दाबला. नाना बसले. साहेब मागच्या रांगेत सुंदराशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, आणि सुंदरानं त्यांच्या हातात घारगा ठेवला.

समोर दिवा जळत होता. एकच, आणि वर त्याचा शम्माश. मिल्काबाई बराच वेळ त्या दोन ज्योतींकडं बघत राहिल्या. रविवारी विमानाच्या दारात हा माणूस काय करणार, ते त्यांना आत्ताच दिसत होतं. हातात पिशवी घेऊन बाजूला उभा राहणार आणि अख्ख्या विमानाला आधी आत सोडणार, म्हातारी, तरणी, पोरंबाळं, सगळी. योएल तिकडं विमानतळावर वाट बघत बसेल. बसू दे. आपण उभं राहू याच्या मागं, त्यांनी ठरवलं. फक्त अंगठा जपायचा.